पडद्यावरचे रान आणि दारची वाडी

शेती ही पाहावयास जाण्याची वस्तू आहे असे आपल्या पणजोबांस कोणी सांगितले असते, तर त्यांना हसू आवरले नसते. पाहावयाचे ते नाटक, पाहावयाची ती जत्रा. शेती ही करावयाची. परंतु काळ पालटला आहे. शेतकरी, त्याचे बी, त्याची माती आणि त्याने मोडलेले वा राखलेले रान ह्यांवर आज माहितीपट निघतात, ते देशोदेशींच्या महोत्सवांत दाखविले जातात, आणि ज्यांच्या पायांस कधी चिखल लागला नाही असे प्रेक्षकही त्यांस मनापासून दाद देतात. आपल्या मुंबईतच १९९० सालापासून माहितीपटांचे व लघुपटांचे आंतरराष्ट्रीय महोत्सव होत आले आहेत. ह्या दादेचे मोल काय, आणि वसईच्या वाडीत किंवा वाडीशेजारी राहणाऱ्या आपणांस तिचा उपयोग कोणता, ह्याचा विचार विद्यार्थ्यांनी व त्यांच्या पालकांनी करावा, एवढ्यासाठी हा लेख आहे.

माझे मत आरंभीच सांगणे बरे. असे चित्रपट आपल्या मुलांनी अवश्य पाहावेत. परंतु ते पाहून दूरच्या रानाविषयी हळहळणारी आणि आपल्या दारच्या वाडीकडे पाठ फिरविणारी पिढी तयार होणार असेल, तर त्या पाहण्यापासून लाभापेक्षा हानीच अधिक होईल.

दोन चित्रपटांची उदाहरणे घेऊ. पहिला आपल्याच महाराष्ट्रातला. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यात कोंभाळणे नावाचे एक आदिवासी गाव आहे. तेथील महादेव कोळी समाजातील राहीबाई सोमा पोपेरे ह्या शाळेची पायरी कधी चढल्या नाहीत. नातू वारंवार आजारी पडू लागला, तेव्हा विकतच्या बियाण्याचे आणि औषधे मारलेले अन्न हेच ह्या दुखण्याचे मूळ, अशी त्यांची खात्री झाली. आणि त्या घरोघर फिरून गावठी बी गोळा करू लागल्या. वालाचे निरनिराळे प्रकार, भात, भाज्या, असे करता करता त्यांच्यापाशी चाळीसांहून अधिक वाण जमले. मणिभाई देसाई ह्यांनी १९६७ साली उरुळी कांचन येथे स्थापिलेल्या ‘बाएफ’ संस्थेने त्यांस साहाय्य केले आणि बियाण्यांची रीतसर पेढी उभी राहिली. डॉ. रघुनाथ माशेलकर ह्यांनी त्यांस ‘बीजमाता’ म्हटले. त्यांच्यावर अच्युतानंद द्विवेदी ह्यांनी ‘सीड मदर’ नावाचा अवघ्या तीन मिनिटांचा लघुपट केला, आणि २०१९ साली फ्रान्समधील कान येथे महोत्सवाच्या दिवसांत ‘नेस्प्रेसो टॅलेन्ट्स’ ह्या लघुपटस्पर्धेत त्यास तिसरे पारितोषिक मिळाले. ही कानची मुख्य स्पर्धा नव्हे, हे खरे. तथापि अकोल्याच्या डोंगरातील वालाचा दाणा समुद्रापलीकडील रसिकांपुढे गेला, ही गोष्ट लहान नाही. पुढच्याच वर्षी राहीबाईंस पद्मश्री जाहीर झाली.

दुसरा चित्रपट इंग्लंडातला. ‘वाइल्डिंग’ हे त्याचे नाव. इझाबेला ट्री ह्या लेखिकेच्या २०१८ सालच्या पुस्तकावरून डेव्हिड ॲलन ह्यांनी तो दिग्दर्शित केला. २०२३ साली तो पूर्ण झाला आणि २०२४ साली तेथील चित्रपटगृहांतही लागला. कथा खरी आहे. ससेक्स परगण्यात नेप नावाची सुमारे ३,५०० एकरांची जहागीर आहे. तेथील जमीन चिकण, जड. यंत्रे, खते आणि दुभती जनावरे ह्यांवर पैसा ओतूनही शेती तोट्यातच राही. शेवटी इझाबेला ट्री आणि त्यांचे पती चार्ल्स बरेल ह्यांनी २००० साली दुधाची जनावरे व अवजारे विकून टाकिली आणि पुढे हळूहळू नांगर थांबवून जमीन मोकळी सोडली. तिच्यावर जुन्या जातीच्या गाई, तट्टे, डुकरे आणि हरिणे हिंडू लागली. काट्याकुट्यांची झुडपे माजली. शेजाऱ्यांनी नावे ठेविली. परंतु त्या झुडपांतच नाइटिंगेल व टर्टल डव्ह हे दुर्मिळ होत चाललेले पक्षी घरटी बांधू लागले. २०२० साली तेथे पांढऱ्या करकोच्यांची पिले अंड्यांतून बाहेर आली. त्या देशात मोकळ्या रानात असे घडण्यास कित्येक शतके लोटली होती.

ह्या रीतीस इंग्रजीत ‘रीवाइल्डिंग’ असे नाव पडले आहे. आपण तीस ‘रानास रानपण परत देणे’ म्हणू. नाव नवे असले तरी कल्पना सर्वस्वी नवी नव्हे. सह्याद्रीच्या गावागावांत देवराया आहेत. तेथील वाळलेली फांदीसुद्धा न तोडण्याचा दंडक लोकांनी पिढ्यानपिढ्या पाळिला. बायबलाच्या जुन्या करारातही सातव्या वर्षी जमिनीस विसावा द्यावा, ती पेरू नये, असा नियम सांगितला आहे. सगळीच भूमी सर्वकाळ माणसासाठी राबवावयाची नसते, एवढी समज त्या दोहोंच्या मुळाशी आहे.

आता हे दोन चित्रपट शेजारी शेजारी ठेवून पाहावे. एकात माणूस हात आवरून घेतो, दुसऱ्यात माणूस हाताने जपतो. नेपला मालकाने नांगर थांबविला म्हणून रान परतले. कोंभाळण्यास मात्र एका बाईने वर्षानुवर्षे बी पेरिले, वाळविले, राखिले आणि पुन्हा पेरिले म्हणून ते वाण जगले. वाल काही डोंगरावर आपोआप टिकून राहिला नसता. संकरित बी एकदा पेरिले की त्याच्या पिकापासून घेतलेले बी पुढील वर्षी मूळ गुणांचे निघत नाही, म्हणून शेतकऱ्यास दरवर्षी दुकानाची वाट धरावी लागते. गावठी बी मात्र घरचे घरी राखिता येते. परंतु त्यास राखणारा लागतो. तो एक हंगाम चुकला, दुसरा चुकला, की वाण संपला. आणि संपलेला वाण कोणत्याही पारितोषिकाने परत येत नाही.

मग आपण ह्या दोहोंपैकी कोणता धडा घ्यावा? ‘वाइल्डिंग’ पाहून एखाद्या उत्साही विद्यार्थ्यास वाटेल की, आपलीही वाडी मोकळी सोडून द्यावी, म्हणजे पक्षी येतील. त्यास मी नम्रपणे थांबवीन. नेपच्या मालकांपाशी ३,५०० एकर होते. वसईतील कुटुंबाची जमीन बहुधा गुंठ्यांत मोजली जाते, आणि तीही भावाभावांत वाटलेली. शिवाय आपल्याकडे पडीक पडलेल्या जमिनीचे रान होत नाही. पहिल्या वर्षी तिच्यावर कोणी राडारोडा आणून टाकितो, दुसऱ्या वर्षी कोणी कुंपण घालितो, आणि तिसऱ्या वर्षी तेथे पाटी लागते. वसईत जमीन सोडून देणे म्हणजे ती निसर्गाच्या हाती देणे नव्हे. बहुतेक वेळी ती भराव घालणाऱ्याच्या हाती देणे होय. म्हणून इंग्लंडातील युक्ती जशीच्या तशी उचलणे हे आपल्या हिताचे नाही.

परंतु त्या युक्तीमागील तत्त्व घेण्यास काय हरकत आहे? तत्त्व असे की, जमिनीचा काही भाग, मग तो कितीही लहान असो, तिच्या स्वतःच्या व्यवहारासाठी राखून ठेवावा. ह्याचा जिवंत दाखला आपल्या शेजारीच होऊन गेला. उंबरगाव तालुका आज गुजरातेत असला तरी महाराष्ट्र व गुजरात वेगळे होण्यापूर्वी तो आपल्याच ठाणे जिल्ह्यात मोडत असे. तेथील देहरी गावचे भास्कर सावे हे आधी प्राथमिक शाळेत शिक्षक होते. पुढे त्यांनी ‘कल्पवृक्ष’ नावाची १४ एकरांची चिकू-नारळीची बाग विनानांगर, विनारासायनिक खत अशा रीतीने वाढविली. पालापाचोळा जागीच कुजू द्यावा, गांडुळांस काम करू द्यावे, पाणी झाडाच्या बुंध्याशी न देता बाजूच्या चरांत द्यावे, असा त्यांचा परिपाठ होता. २०१० साली सेंद्रिय शेतीच्या जागतिक संघटनेने त्यांचा जीवनगौरव केला. २०१५ साली ते निवर्तले. त्यांनी शेती सोडिली नाही आणि रानही घालविले नाही. आपल्या वाडीस शोभणारा मार्ग हाच.

आणि आपल्या वाडीत हा मार्ग पूर्वजांनी आधीच आखून ठेविला होता, हे आपण विसरत चाललो आहो. जुन्या वाडीत काय काय असे ते आठवावे. मध्ये केळी, कडेने विड्याच्या पानांचे वेल, भाजीचे वाफे, मोगऱ्याच्या ओळी; बांधावर नारळ, आंबा, फणस, जांभूळ; कुंपणास जिवंत झाडे; एका बाजूस रहाटाची विहीर; आणि सखल जागी बावखल. राजेळी केळी वाळवून केलेली वसईची सुकेळी ह्याच वाड्यांतली. ह्या साऱ्यांत बावखल मला फार महत्त्वाचे वाटते. शहरातून नव्याने आलेल्यास ते एक साचलेले डबके वाटते. वस्तुतः ते वाडीचे पोट होय. पावसाचे पाणी त्यात साठते, हळूहळू जमिनीत मुरते आणि आसपासच्या विहिरींस गोडे ठेविते. समुद्रकाठच्या आपल्या भूमीत गोडे पाणी हे खाऱ्या पाण्यावर, हलकेपणामुळे, तरंगत असते. वरचे गोडे पाणी पंपाने उपसून काढिले आणि वरून पावसाचे मुरू दिले नाही, म्हणजे खालचे खारे पाणी वर चढते. मग केळही जळते आणि विहीरही जाते. बावखलाच्या काठी खंड्या बसतो, पाणकोंबडी फिरते, बेडूक व मासे असतात. वसईचे रान पाहावयाचे असेल तर ते तेथे आहे. ते परत आणण्यास करकोचे मागविण्याची गरज नाही. बावखल बुजविले नाही म्हणजे पुरे.

बुजविले तर काय होते, ते आपण भोगले आहे. २०१८ सालच्या जुलै महिन्यात नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले, लोकल गाड्या थांबल्या, कित्येक वस्त्या दिवसेंदिवस पाण्यात व अंधारात राहिल्या. त्या पुरास अनेक कारणे होती. परंतु ज्या सखल जागांत पाणी पूर्वी जाऊन बसत असे, त्या भराव घालून उंच केल्यावर ते पाणी माणसांच्या घरांत जाऊन बसले, हे समजण्यास मोठ्या विद्वत्तेची जरुरी नाही.

येथे पालकवर्ग मला एक प्रश्न विचारील, आणि तो न्याय्य आहे. “गुरुजी, वाडी राखा म्हणून सांगणे सोपे. वाडी आम्हांला पोसते काय? गडी मिळत नाहीत, शेणखत महाग, मालाला दर नाही, आणि शेजारच्याने जमीन देऊन मुलांची शिक्षणे केली.” ह्या प्रश्नास चित्रपट उत्तर देत नाहीत, आणि म्हणूनच त्यांच्याविषयी सावध राहिले पाहिजे. पडद्यावर शेती सुंदर दिसते. पहाटे चारला उठून फुलांच्या टोपल्या घेऊन मुंबईची गाडी पकडणाऱ्या आजीची पाठ किती दुखते, ते पडद्यावर दिसत नाही. जमीन विकणाऱ्या प्रत्येक कुटुंबास लोभी म्हणणे हा अन्याय आहे. आजारपण, कर्ज आणि लग्नकार्य ह्यांपुढे भल्याभल्यांचा निरुपाय होतो.

तथापि ह्या दोन्ही चित्रपटांच्या नायिकांकडे नीट पाहिले असता एक गोष्ट ध्यानात येते. त्यांपैकी कोणीही एकटी उभी नव्हती. नेपची जहागीर आज तेथील जनावरांच्या मांसावर आणि रान पाहावयास येणाऱ्या पाहुण्यांवर उत्पन्न मिळविते, आणि आरंभी तीस सरकारी अनुदानाचाही आधार लागला. राहीबाईंच्या मागे बाएफसारखी संस्था आणि गावातील बायांचे गट होते. म्हणजे रान राखणे हे जर सर्वांच्या हिताचे आहे, तर त्याचा खर्च एकट्या वाडीवाल्याच्या माथी मारणे योग्य नव्हे. ज्याचे बावखल साऱ्या आळीच्या विहिरी गोड ठेविते, त्याची घरपट्टी, त्याचा गाळ काढण्याचा खर्च, त्याच्या मालाची विक्री, ह्यांत आळीने, सहकारी सोसायटीने आणि २००९ साली स्थापन झालेल्या आपल्या महानगरपालिकेने भागीदार झाले पाहिजे. ही मागणी भिक्षेची नाही, हिशेबाची आहे.

अशा मागणीचा वसईस सराव नाही असे नाही. १९८० नंतरच्या दशकात टँकर भरभरून येथील विहिरींचे पाणी बाहेर जाऊ लागले आणि १९९० साली नव्या नियोजनाने हिरवा पट्टा धोक्यात आला, तेव्हा हरित वसई संरक्षण समितीच्या झेंड्याखाली येथील हजारो स्त्री-पुरुष रस्त्यावर आले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे त्या चळवळीचे अग्रणी होते. २०२० साली उस्मानाबाद येथे मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविणारा हा लेखक जुलै २०२४ मध्ये आपणांतून गेला. आज जी काही हिरवाई गिरीज, नंदाखाल, आगाशी ह्या भागांत उरली आहे, तिच्यात त्या पिढीच्या पायपिटीचा वाटा आहे. त्या वेळी कोणताही कॅमेरा त्यांच्यामागे लागलेला नसता तरी त्यांनी तेच केले असते.

मग महोत्सवातील टाळ्या निरर्थकच काय? तसे मी म्हणणार नाही. त्यांचा एक मोठा उपयोग आहे, आणि तो आपल्या मुलांसंबंधी आहे. वर्गात वडिलांचा व्यवसाय लिहावयास सांगितला असता, ज्यांचे वडील सकाळ-संध्याकाळ वाडीत राबतात असे कित्येक विद्यार्थी ‘नोकरी’ असे लिहितात. ‘शेती’ हा शब्द त्यांस कमीपणाचा वाटतो. हा कमीपणा त्यांस कोणी शिकविला? थोडाबहुत आम्ही शिक्षकांनी, थोडाबहुत “शीक, नाहीतर वाडीत माती उपसावी लागेल” असे धाकाने सांगणाऱ्या घरांनी. अशा मुलास, जिला अक्षरओळख नाही अशा एका शेतकरीण बाईच्या ज्ञानापुढे डॉ. माशेलकरांसारखे शास्त्रज्ञ मान लववितात, हे दिसले पाहिजे. ते तीन मिनिटांत दिसते, आणि त्याने मुलाची मान किंचित वर होते. एवढे काम त्या लघुपटाने केले तरी त्याचे पारितोषिक सार्थ झाले असे मी मानीन.

पण मान वर झाल्यावर नजर कोठे जावी? कोंभाळण्याकडे नव्हे, ससेक्सकडे तर नव्हेच. ती स्वतःच्या आजीकडे जावी. म्हणून माझी सूचना अशी आहे. शाळेने हे चित्रपट अवश्य दाखवावेत. मात्र त्यानंतर निबंध लिहून घेऊ नये. त्याऐवजी प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घरच्या किंवा आजोळच्या जमिनीचा एक साधा नकाशा काढावा: विहीर कोठे, बावखल कोठे होते आणि आता आहे की नाही, बांधावर कोणती झाडे, ती कोणी लाविली. नालासोपारा-विरारच्या इमारतींत राहणाऱ्या, कोकणातून वा घाटावरून आलेल्या कुटुंबांच्या मुलांनी आपल्या मूळ गावचा नकाशा काढावा. तेही तितकेच मोलाचे होईल. आजीस विचारून, तिच्या लहानपणी असलेल्या आणि आता न मिळणाऱ्या भाज्यांची व भातांची नावे लिहून आणावीत. आणि शाळेच्या प्रयोगशाळेत एक कपाट बियाण्यांसाठी राखावे. ज्याच्या घरी गावठी वाल, दुधी, शिराळे, वांगे ह्यांचे बी असेल त्याने मूठभर आणून, नाव व गाव लिहून, बाटलीत ठेवावे. ज्यास पेरावयाचे असेल त्याने जूनमध्ये न्यावे आणि हंगामाच्या अखेरीस दोन मुठी परत करावेत. ह्यास पैसा लागत नाही.

पालकांस माझी विनंती याहून थोडी अवघड आहे. वाडी विकूच नका, असे मी म्हणत नाही. तो अधिकार माझा नाही. परंतु जी जमीन आज तुमच्या हाती आहे तिच्यातील बावखल बुजविण्यापूर्वी घरातील मुलांस तेथे एक पावसाळा नेऊन बसवा. पाणी कसे चढते, कोणते पक्षी येतात, विहीर केव्हा भरते, हे त्यांस पाहू द्या. मग जो निर्णय करावयाचा तो त्यांच्या देखत करा, कारण त्या निर्णयाचे फळ अधिक काळ त्यांनाच खावयाचे आहे.

येत्या जूनमध्ये पहिला पाऊस पडेल, तेव्हा बियाण्यांचे ते कपाट उघडले जाईल. त्यात किती बाटल्या जमतात ते विद्यार्थ्यांनी ठरवावयाचे आहे.